खानदेशच्या उन्हातली जुनी स्पोर्ट्‌स कार

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 45 अंशांजवळ पोहोचतो, आणि जुन्या, आलिशान स्पोर्ट्‌स कारची खरी परीक्षा वेगात नव्हे, तर याच उन्हात होते. पोर्शे 911 चे इंजिन 1998 पर्यंत मुख्यतः पंख्याच्या हवेने आणि तेलाने थंड होत असे. पुढच्या पिढीत शीतक द्रव थंड करणारा रेडिएटर आला, ज्याच्या जाळीत धूळ आणि कपाशीचे तंतू साचले की तापमानाचा काटा चढतो. उन्हाबरोबर इंधनाचाही प्रश्न असतो: पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते व जुन्या रबरी नळ्या खराब करू शकते, म्हणून नळ्या गळण्याची वाट न पाहता त्या बदलाव्यात, विक्रेता काहीही सांगो. कागदपत्रांचे म्हणाल, तर खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. 2021 च्या केंद्रीय नियमांतील ‘व्हिंटेज’ दर्जा मात्र मूळ स्वरूप टिकवलेल्या, 50 वर्षांहून जुन्या वाहनांनाच मिळतो, आणि तीही नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. त्यामुळे पंचवीस वर्षांची गाडी बाळगणाऱ्या हौशी मालकाला या तरतुदीचा काडीचाही उपयोग नाही.