एक शिकणारा, चार खाती

मालेगाव किंवा भिवंडीतला एखादा यंत्रमाग कामगार तिशीत पुन्हा शिकायचं म्हणतो, तेव्हा त्याच्यासाठी योजना नाहीत असं नाही. योजना भरपूर आहेत. अक्षरओळखीसाठी ‘उल्लास’, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, शालेय शिक्षण विभागाकडे आहे. आयटीआय कौशल्य विभागाकडे. शाळेत न जाता परीक्षा द्यायची तर मुक्त विद्यालय मंडळ. शिवाय अल्पसंख्याक मंत्रालयाची प्रशिक्षणं वेगळी. चारही दारं उघडी आहेत. पण एका दारातून बाहेर पडलेल्याला पुढचं दार कुणी दाखवत नाही.

वास्तविक कागदावर साखळी पूर्ण आहे. वेल्डरसारख्या काही ट्रेडना आठवी उत्तीर्ण चालतात आणि ती आठवी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळातून मोठ्या वयातही देता येते. साक्षरता वर्ग, मग मुक्त विद्यालय, मग आयटीआय. ‘उल्लास’च्या पाच घटकांत तर व्यावसायिक कौशल्यंही आहेत! तरी चर्चा होते ती साक्षर किती झाले याचीच. आकडा वर गेला की काम संपलं. त्या आकड्यातला माणूस पुढे कुठे गेला, हे विचारणं कोणत्याच खात्याच्या कामात बसत नाही.

मुंबईत १९६७ साली वरळीला देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ सुरू झालं. कामगाराला साक्षरता आणि हुन्नर एकाच छताखाली मिळावं, हा त्यामागचा विचार. श्रमिक विद्यापीठांची पुढे जनशिक्षण संस्थानं झाली आणि २०१८ मध्ये ती मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. हुन्नर तिकडे, साक्षरता इकडे. २०१५ च्या ‘नई मंजिल’नेही मदरशात शिकलेल्या आणि शाळा सुटलेल्या तरुणांना शालेय प्रमाणपत्र व कौशल्य एकत्र देऊ केलं होतं. कल्पना नेमकी होती. आता ती ‘पीएम विकास’मध्ये विलीन झाली आहे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा कौशल्य समित्या असतात. त्यांच्या बैठकीत साक्षरतेचं काम पाहणारा अधिकारी आणि मुक्त विद्यालयाची संपर्क केंद्रं बसली पाहिजेत, आणि सगळ्यांपुढे यादी एकच हवी. वर्गाची वेळ ठरवताना मागावरच्या बारा तासांच्या पाळीचाही विचार व्हावा. घरी शिलाई करणाऱ्या बाईसाठी वर्ग मोहल्ल्यातच लागेल.

सरकारला बोल लावताना आपल्या संस्थांकडेही पाहू. एकाच वस्तीत तीन शिवणवर्ग, तीन बॅनर, आणि एकमेकांशी बोलणं नाही. चौथा वर्ग उघडण्याआधी तुमच्यापैकी चार जणांनी आपल्या भागात साक्षरता परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांचा शोध घ्यावा, त्यांच्याजवळ बसून मुक्त विद्यालयाचा अर्ज भरावा. आधार कार्डावरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतं का, ते मात्र आधी तपासा. बरेच अर्ज तिथेच अडतात.