आकाशांतील पहारा

विद्यार्थिमित्रहो, आपल्या पाटणजवळ दातेगड उभा आहे. तेथील कातळांत खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस एक गोष्ट सहज पटेल कीं, गड केवळ शस्त्रांच्या बळावर राखतां येत नाहीं. पाण्याचा सांठा, धान्याचें कोठार आणि बुरुजावरील जागता पहारा हीं नसतील, तर उत्तम तोफही व्यर्थ होय.

आज आपल्या राष्ट्राचे कांहीं गड अंतराळांत फिरत आहेत. त्यांस आपण कृत्रिम उपग्रह म्हणतों. जुलै २०२१ मध्यें याच तालुक्यांतील आंबेघर, मिरगांव व ढोकावळे येथें दरडी कोसळून माणसें गेलीं. अशा पावसाची वर्दी आगाऊ मिळण्यास ढगांवर नजर ठेवणारा उपग्रह किती मोलाचा आहे, हें आपणांस निराळें सांगावयास नको. शत्रु या उपग्रहांचे संदेश दाबून टाकूं शकतो, त्यांच्या यंत्रणेंत शिरूं शकतो, किंवा क्षेपणास्त्रानें त्यांस फोडूंही शकतो. म्हणून कित्येक म्हणतात, "जशास तसें! आपणही अंतराळांत शस्त्रें ठेवावीं." हें मत मला घातक वाटतें.

कारण उघड आहे. उपग्रहाचा वेग असा कीं, तो पाटणहून कऱ्हाडास पांच-सहा सेकंदांत पोंचेल. त्या वेगानें धांवणारा बोटभर तुकडाही दुसऱ्या उपग्रहास निकामी करूं शकतो. आणि तुकड्यास आपला कोण, परका कोण, हें कळत नाहीं. जमिनीवरील रणांगणाची धूळ सायंकाळीं खालीं बसते. उंच आकाशांतील धूळ वर्षानुवर्षें फिरत राहते. जानेवारी २००७ मध्यें चीननें आपलाच एक जुना उपग्रह फोडला. त्याचे तीन हजारांहून अधिक तुकडे मोजले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्यें रशियानें तेंच केलें, तेव्हां आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकांतील सात जणांस जीव मुठींत धरून आपापल्या यानांत आश्रय घ्यावा लागला. त्या सातांपैकीं दोघे रशियाचेच होते!

आपल्या देशानेंही २७ मार्च २०१९ रोजीं 'मिशन शक्ति' या प्रयोगांत स्वतःचा एक उपग्रह फोडला. उंची सुमारें तीनशें किलोमीटर, म्हणजे मुद्दाम कमी ठेविली होती. त्यामुळें बहुतेक तुकडे लवकर खालीं येऊन जळाले. तरी कांहीं वर फेकले गेलेच.

मग रक्षण करावें कसें? गडाप्रमाणेंच. प्रथम पहारा : 'इस्रो'नें 'नेत्र' नांवाची योजना हातीं घेतली आहे व २०२२ मध्यें बंगळूर येथें यासाठीं स्वतंत्र केंद्र उघडलें आहे; धोका दिसतांच उपग्रहाची वाट बदलतां येते. दुसरा सांठा : एक उपग्रह गेला तर त्याचें काम करणारा दुसरा सिद्ध असावा. तिसरें, संदेशांस गुप्तलिपीचें बळकट कुलूप असावें. आणि चौथें, शब्द. १९६७ च्या करारानें अण्वस्त्रें कक्षेंत ठेवण्यास बंदी केली, पण पारंपरिक शस्त्रांस वाट मोकळी राहिली. डिसेंबर २०२२ मध्यें संयुक्त राष्ट्रसभेंत उपग्रह फोडण्याचे असे प्रयोग न करण्याविषयीं ठराव आला, तेव्हां १५५ राष्ट्रांनीं त्यास अनुकूल मत दिलें. भारत तटस्थ राहिला. सर्वांस बांधणारा करार हवा, हें आपलें म्हणणें रास्त आहे. परंतु तो होईपर्यंत आपण होऊन वचन देण्यास काय हरकत आहे? वचनानें विद्या नष्ट होत नाहीं. दुर्बळाच्या संयमास जग लाचारी म्हणतें. ज्यानें सामर्थ्य दाखविलें आहे, त्याच्याच संयमास किंमत असते.

पवित्र शास्त्रांत देवानें यहेज्केलास पहारेकरी नेमिलें, योद्धा नव्हे. मित्रहो, तुमच्यांपैकीं कोणी गणित व खगोलशास्त्र मन लावून शिकेल, तर उद्यां आकाशांतील या बुरुजावर तोच उभा असेल. त्याचे डोळे जागे असोत, आणि हात स्वच्छ असोत.