छेद तसाच ठेवा

अपूर्णांकांवर माझा राग नाही. राग आहे तो शाळेतल्या एका वाक्यावर : 'छेद समान असतील तर अंशांची बेरीज करा, छेद तसाच ठेवा.' का ठेवा, ते कोणी सांगत नाही. म्हणून परवा आमच्या चिरंजीवांनी दोन चतुर्थांश अधिक एक चतुर्थांश बरोबर तीन अष्टमांश असं ठोकून दिलं. "वर बेरीज, मग खाली का नको?" प्रश्न बिनतोड होता. मी बी.कॉम. आहे, गप्प बसलो.

माझी आजी शाळेची पायरी चढली नव्हती. पण आठ आणे नि चार आणे मिळून सहा आणे होतात म्हणणाऱ्याला तिने शहापूरच्या बाजारातून पिटाळून लावलं असतं! १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, तरी आजी अखेरपर्यंत आण्यांतच बोलली. आणा म्हणजे छेद सोळा धरून मोजलेला अंश. छेद सांगतो तुकडा केवढा, अंश सांगतो तसले तुकडे किती. तुकडे मोजताना त्यांचा आकार कशाला बदलायचा? पावकी-निमकी पाठ असलेल्यांना हे शिकवावं लागत नसे.

पण छेदाशी खरी लबाडी पोरं करत नाहीत, आपण करतो. समृद्धी महामार्गात शहापूर तालुक्यातल्या जमिनी गेल्या, तेव्हा काउंटरच्या अलीकडून मी ती पाहिली. तीन भाऊ, एक बहीण. म्हणजे छेद चार, प्रत्येकी चार आणे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क, हे २००५ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं. तिला अंशातून वजा करावं, तर चार आणे शिल्लक दिसतात आणि कोणीतरी विचारतं, हे कोणाचे? म्हणून शहाणे भाऊ तिला छेदातूनच काढतात. चाराचे तीन! मग एक तृतीयांश तीनदा मिळवा, पुरा रुपया. ताळा चोख!

वर म्हणायचं, "तिचं लग्न करून दिलं की!" अहो, मग तुमच्या लग्नातला बँड कोणाच्या हिश्शातून वाजला? "तिने खुशीने हक्कसोड दिलं." माहेर तुटेल या धास्तीने केलेल्या सहीला खुशी म्हणायचं, तर चिरंजीवांच्या तीन अष्टमांशालाही पैकीच्या पैकी गुण द्या.

हे सारं मी रात्री तावातावाने घरी ऐकवलं. बायकोने भाकरी उलटली आणि म्हणाली, "आणि मुरबाडच्या वन्सं?"

आमच्या सातबाऱ्यावर दोन नावं आहेत. माझं नि भावाचं. मुरबाडला दिलेली बहीण धरली तर छेद तीन होतो.

चिरंजीवांचं गणित त्याच रात्री दुरुस्त केलं. आमचं करायला रविवारच्या एस.टी.ने मुरबाडला जायचं म्हणतो. भाऊ येतो का, ते अजून विचारलेलं नाही.