पाटी उतरते, कर्ज राहते

सीमाभागातील मराठी तरुणाला सरकारी नोकरीची वाट अरुंद आहे. तो धंद्यात उतरत असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणीत आज चहा, आइस्क्रीम, कुरिअर, शिकवणी वर्ग अशा धंद्यांत नामवंत कंपनीची फ्रँचायझी घेण्याकडे कल आहे. त्यासाठी वडिलांची जमीन किंवा आईचे दागिने तारण पडतात. उद्घाटनाला नारळ फुटतो, पुढारी येतात, फोटो निघतात. करार संपल्यावर काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

निपाणीकरांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. बिडी कामगार वळतात, कंत्राटदार गोळा करतो, पण बंडलावरचे लेबल कारखानदाराचे. काम थांबले की कंत्राटदाराला त्या लेबलाचे एक बंडलही विकता येत नाही. फ्रँचायझीचेही तसेच आहे. ट्रेड मार्क कायदा १९९९ नुसार नाव आणि चिन्ह मालकाचे. आपल्याला मिळते ती वापरण्याची परवानगी. ती संपली की पाटी, छापील कप, गणवेश, कंपनीची खास रंगसंगती सगळे उतरवावे लागते. पाटी आपल्या पैशाने केलेली असली तरी!

हे फक्त छोट्यांच्याच वाट्याला येते असे नाही. मॅकडोनाल्ड्सने ऑगस्ट २०१७ मध्ये विक्रम बक्षी यांच्याबरोबरच्या भागीदारीतील कंपनीचा करार रद्द केला. उत्तर व पूर्व भारतातील १६९ उपाहारगृहांना पंधरा दिवसांत नाव व चिन्ह वापरणे बंद करण्यास सांगितले. बक्षी कोर्टात लढू शकले आणि मे २०१९ मध्ये तडजोड झाली. आपल्या चहावाल्या पोराने लढायचे कशाच्या जोरावर?

नाव परत मागण्याचा कंपनीचा हक्क न्याय्यच आहे. गिऱ्हाईक नावावर विश्वास ठेवून येते. दुसऱ्याच्या नावाखाली आपला माल खपवणे ही फसवणूक आहे. पण नाव म्हणजे सगळा धंदा नव्हे. भाड्याचा गाळा, स्वतः घेतलेला फ्रीज, आपले कष्ट यांवर कंपनीचा आपोआप हक्क होत नाही. करार चालू असेपर्यंत प्रतिस्पर्ध्याचा माल करू नये ही अट चालते. कोका-कोला आणि गुजरात बॉटलिंग यांचा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९९५ मध्ये तसाच निर्णय झाला. मात्र करार संपल्यावरही त्या व्यवसायात पडू नये, अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. स्वतःच्या नावाने चहा विकायला कोणी अडवू शकत नाही. हे माहीत नसल्याने एका नोटिशीला घाबरून पोरे दुकान बंद करतात.

बँकेत काम करताना मला एक विसंगती दिसते. कर्ज पाच वर्षांचे, करार तीन वर्षांचा. चौथ्या वर्षी पाटी उतरली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून सही करण्याआधी या गोष्टी लेखी विचाराव्यात. मुदत किती, नूतनीकरण कोणाच्या मर्जीवर? यंत्रे कोणाची? ती बँकेकडे तारण असतील, तर कंपनी ती परत मागू शकते का? उरलेला माल कंपनी कोणत्या भावाने परत घेणार? अनामत किती दिवसांत मिळणार? कर्नाटकात २०२४ पासून पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचे आहे, तर नव्या पाटीचा खर्च कोणाचा? आणि वाद झाला तर दावा बेळगावात चालणार, की पुण्या-मुंबईला खेटे घालायचे?

अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीला करारापूर्वी किमान १४ दिवस सर्व माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. तो व्हावा, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करू. करार बहुधा इंग्रजीत असतात आणि आपली मुले शेवटच्या पानावर सही करून मोकळी होतात. आपल्या संघटनेत वकील आहेत, हिशेबनीस आहेत, निवृत्त बँक कर्मचारी आहेत. महिन्यातून एक रविवार असे करार मराठीत समजावून देण्यासाठी ठेवावा. पतसंस्थांनीही करार वाचल्याशिवाय आणि कर्जाची मुदत त्याच्याशी जुळवल्याशिवाय कर्ज मंजूर करू नये. मोर्चाला आपण हजारोंनी जमतो. एका पोराचे घर वाचवायला चार जाणकार नक्कीच जमतील.