काठ दिसलाच पाहिजे!

मागच्या महिन्यात एका प्रबोधन शिबिराला गेलो होतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी सावित्रीमाईंवर बोलायला उभी राहिली. स्वतः शिवलेला निळा कुर्ता, मोकळे सोडलेले कुरळे केस, ओठांना थोडी लिपस्टिक. वीस मिनिटं ती कागदाकडे न बघता बोलली. भाषण संपल्यावर व्यासपीठावरचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते माईक हातात घेऊन म्हणाले, "पोरी, विचार चांगले आहेत तुझे, पण लिपस्टिक लावून परिवर्तन येत नसतं." सभागृह हसलं. पुढच्या रांगेतली आमची तरणी पोरंही हसली. ती मुलगी पुढच्या बैठकीला आली नाही. तिच्या आईला विचारलं तर म्हणाली, "सर, तिचा अभ्यास आहे."

अभ्यास नव्हता, अपमान होता. आणि तो आपल्याच माणसांनी, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून केला. म्हणून हा लेख.

आपल्या चळवळीत एक समज मुरला आहे. कार्यकर्ता म्हणजे चुरगळलेला कुर्ता, विस्कटलेले केस आणि झिजलेली चप्पल. जो नीटनेटका राहतो तो 'शायनर', जी नटते ती 'उथळ'. हा समज आला कुठून? फुल्यांकडून आला नाही, बाबासाहेबांकडून तर नाहीच नाही. १९२१ मध्ये गांधींनी मदुराईत अंगावरचे कपडे उतरवून पंचा नेसला आणि साधेपणा हे राजकारणातलं पुण्य झालं. पण त्याग करायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. लंडनमध्ये सूट घातलेल्या बॅरिस्टरने पंचा नेसला तर तो महात्मा होतो. ज्याच्या बापजाद्यांना लंगोटीवरच ठेवलं होतं, त्याने पंचा नेसला तर त्यात त्याग कसला? ती तर जुनीच शिक्षा.

कपडा हा जातीचा कायदा होता

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून वाचा. चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावं, दागिने घालायचे तर लोखंडाचे घालावेत, अशी तिथे आज्ञा आहे. ज्यांना कपडा 'वरवरची गोष्ट' वाटतो त्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं : वरवरची गोष्ट होती, तर मनूला तिच्यावर कायदा का करावा लागला?

लांब जायला नको. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचा. महारांच्या बायकांनी लुगडं असं नेसायचं की त्याचा काठ निऱ्यांच्या आत दडला पाहिजे. काठ बाहेर दिसेल असं नेसण्याचा मान वरच्या जातीच्या बायकांचा. कापड तुमचं, घामाच्या पैशाचं, पण काठ लपवायचा. दोन बोटं रुंदीच्या त्या पट्टीत अख्खी जातव्यवस्था बसवली होती.

त्रावणकोरात नाडर स्त्रियांना छाती झाकायची बंदी होती. त्यांनी कित्येक वर्षं लढा दिला, मार खाल्ला. १८५९ मध्ये राजाला परवानगी द्यावी लागली. तीही कशी? अंग झाका, पण उच्च जातीच्या स्त्रिया झाकतात त्या पद्धतीने झाकू नका! हार मानतानासुद्धा व्यवस्थेने काठ लपवायला लावलाच.

केसांचंही तेच. एकीकडे आपल्या माणसांच्या डोक्याला वस्तरा लावायला कुणी तयार नसायचं, म्हणून आपणच एकमेकांची डोकी करायचो. दुसरीकडे ब्राह्मण विधवेच्या डोक्यावर तिच्या मर्जीविरुद्ध वस्तरा फिरायचा. १८९० मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक बांधवांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. केस कुणाच्या डोक्यावर किती असावेत हा या देशात सौंदर्याचा प्रश्न कधीच नव्हता. तो सत्तेचा प्रश्न होता.

आणि हे सगळं मागे पडलं म्हणणाऱ्यांसाठी : २०१७ मध्ये गुजरातेत गांधीनगर जिल्ह्यात दलित तरुणांनी मिशा ठेवल्या म्हणून मारहाण झाली, आणि उत्तर म्हणून शेकडो पोरांनी व्हॉट्सअॅपवर मिशीचं चित्र लावलं. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम ३(१)(ई) मध्ये कपडे उतरवणं, जबरदस्तीने मुंडण करणं, मिशा काढणं हे गुन्हे म्हणून नावानिशी लिहावे लागले. एकविसाव्या शतकात संसदेला मिशीवर कायदा करावा लागतो, आणि आमचे ज्येष्ठ म्हणतात, राहणीमान हा चळवळीचा विषय नाही.

महाडला बाबासाहेब काय बोलले?

डिसेंबर १९२७. महाडला मनुस्मृती जळाली, हे आपण दरवर्षी २५ डिसेंबरला सांगतो. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्र बोलले, हे मात्र सांगायचं विसरतो. मुलींना शाळेत घाला, मेलेलं मांस घरात येऊ देऊ नका, हे त्यांनी सांगितलं. त्याच दमात लुगडं कसं नेसायचं हेही सांगितलं. पोटऱ्या उघड्या टाकणारी जुनी नेसण सोडा. गळाभर गळसऱ्या आणि हातभर कथलाच्या-चांदीच्या पाटल्या, ज्यांवरून तुमची जात लांबून ओळखू येते, त्या काढून टाका. कपडा फाटका असला तरी चालेल, स्वच्छ हवा. बायांनी हे ऐकलं आणि नेसण बदलली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात हा इतिहास आहे, तरण्या पोरींनी तो मुळातून वाचावा.

म्हणजे मनुस्मृतीचं दहन आणि लुगड्याची नेसण हे एकाच कार्यक्रमातले दोन भाग होते. मनूचं पान जाळायचं आणि त्याने अंगावर चढवलेला कपडाही उतरवायचा.

बाबासाहेबांच्या सुटाबद्दल आपण अभिमानाने बोलतो. पण तेच बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात पांढऱ्या वस्त्रांत उभे राहिले आणि लाखो माणसं पांढरं नेसून त्यांच्यासमोर आली. सूट कुठे घालायचा आणि पांढरं कधी नेसायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं. ही निवड आहे. आपल्याला हजारो वर्षं नाकारली गेली ती हीच.

"पण धम्मात नटणं वर्ज्य आहे ना?"

हा प्रश्न मला विहारात नेहमी विचारतात. उत्तर सरळ आहे. उपासकाने रोज पाळायचं ते पंचशील. त्यात हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहायला सांगितलं आहे. केस, कपडे, दागिने यांचा त्यात उल्लेख नाही. माळा, सुगंध, अलंकार यांपासून दूर राहण्याची गोष्ट येते ती अष्टशिलात, जे उपोसथाच्या दिवशी पाळतात. एका दिवसाचा तो सराव उचलून एखाद्या विद्यार्थिनीच्या डोक्यावर वर्षभर ठेवायचा अधिकार कुणाला नाही.

उलट विनयात एक फार सुंदर गोष्ट आहे. भगवान बुद्धांनी मगधातली भाताची शेतं बघितली, बांध घातलेली, एकाला एक लागून. त्यांनी आनंदला विचारलं, अशा आकाराचं चीवर करता येईल का? आनंदने तुकडे कापले, जोडले, शिवले. आजही भिक्खूंच्या चीवरावर तेच बांध दिसतात. भिक्खूच्या मोजक्या आठ वस्तूंमध्ये सुईसुद्धा आहे. ज्याच्याकडे घर नाही, पैसा नाही, त्याच्याकडे सुई आहे! पडलेला कपडा सांधून घालता आला पाहिजे, हे शिक्षण धम्मात पहिल्यापासून आहे.

आता मनूचा आदेश याच्या शेजारी ठेवा. भिक्खूही स्मशानात टाकलेल्या चिंध्या उचलून पांसुकूल चीवर करत. चांडाळालाही मेलेल्याचाच कपडा. कापड एकच. पण भिक्खूने तो आपल्या मर्जीने घेतला होता, आणि जीवकाने उत्तम वस्त्र आणून दिलं तेव्हा तथागतांनी गृहस्थांनी दिलेली वस्त्रं घ्यायला संघाला मोकळीक दिली. चांडाळाला अशी मोकळीक नव्हती. साधेपणा आणि गुलामी यांतला फरक यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार?

आता आपल्या पोरांशी दोन शब्द

एवढं वाचून जे टाळ्या वाजवत असतील त्यांनी थांबावं. काठ दाखवायचा म्हणजे बाजाराला शरण जायचं असं नाही.

आमच्या वस्तीतल्या एका पोराने १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी हप्त्यावर सूट घेतला. खांदे दोन बोटं बाहेर, बाह्या तळहातापर्यंत. एक दिवस घातला, सात महिने हप्ते भरले, आणि मध्येच कॉम्प्युटरच्या क्लासची फी थकली म्हणून क्लास सुटला. बाबासाहेबांच्या सुटामागे कोलंबिया आणि लंडनचं ग्रंथालय होतं. आपण सूट उचलला आणि ग्रंथालय तिथेच सोडलं. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यातलं एक अनण सुख, म्हणजे कर्ज नसण्याचं सुख. तो तर मोठा श्रेष्ठी होता. मग महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या आपण ते किती जपायला हवं?

दुसरी गोष्ट रंगाची. गोरं करणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. ट्यूब तीच, नजर तीच. विवाहाच्या बायोडाटात आपल्याच बौद्ध कुटुंबांना आजही 'गोरी, सुंदर' मुलगी हवी असते, आणि ते लोक बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणतात.

तिसरी गोष्ट केसांची. कुरळे केस 'गावठी' दिसतात म्हणून आमच्या पोरी हजारो रुपये घालून सरळ करून घेतात. केस सरळ करायच्या अनेक रसायनांतून तापल्यावर फॉर्माल्डिहाइडचा वायू निघतो, आणि फॉर्माल्डिहाइड माणसात कॅन्सर करतं हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे. तो वायू गिऱ्हाइकाच्या नाकात एकदा जातो, पण पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलीच्या नाकात रोज. ती मुलगी कुठल्या वस्तीतली असते, सांगायला नको. कुरळ्या केसांना लागतं ते थोडंच : धुण्याआधी खोबरेल तेल, ओल्या केसांत मोठ्या दातांचा कंगवा, टॉवेलने खसाखसा न चोळता टिपणं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी टोकं कापणं. आपले केस दुरुस्त करायची वस्तू नाही, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा खर्च वाचतो.

सुई हातात घ्या

आमच्या विहारात दर रविवारी शिवणाचा वर्ग चालतो. दोन पायाची मशीनं, एक मोटरचं, एक लांब टेबल. पहिल्या दिवशी आम्ही नवा कपडा शिवत नाही. घरातला अंगाला न बसणारा कपडा आणायला सांगतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर आली पाहिजे, एवढं एक कळलं तरी जुना शर्ट नवा दिसतो. बाजूची शिवण उसवून आत घेणं, बाही आखूड करणं, कॉलर विरली तर उलटवून लावणं, आईच्या जुन्या साडीचा काठ काढून कुर्त्याच्या गळ्याला लावणं. कुर्त्याला अडीच मीटर कापड पुरतं. त्या मुलीचा निळा कुर्ता असाच झाला होता, गळ्याला आजीच्या लुगड्याचा काठ लावून. आजीच्या पिढीने दडवलेला काठ नातीने गळ्याशी आणला, आणि आमच्या सभागृहाला त्यात फक्त लिपस्टिक दिसली.

वर्गात फक्त मुली बसत नाहीत. बटण लावणं ही 'बायकांची कामं' असतील, तर आनंद कोण होता हे आमच्या पोरांना आधी सांगतो.

एक इशारा मात्र. निवडणुका आल्या की नेते शिलाई मशीन वाटतात, फोटो काढतात, आणि बाईचं सक्षमीकरण झालं म्हणून निघून जातात. कटिंग शिकवत नाहीत, गिऱ्हाईक मिळवून देत नाहीत. मग तेच मशीन नगावारी फॉल-पिको आणि ब्लाऊजच्या अस्तरात बाईची पाठ मोडतं. शिवण हे कौशल्य आहे, ते आपल्या मुलीच्या पदवीची जागा घेऊ शकत नाही. एम.पी.एस.सी.ची पुस्तकं मशीनशेजारी ठेवा, मशीनखाली दाबू नका.

तेव्हा शिबिरं घेणाऱ्यांना माझी विनंती नाही, मागणी आहे. पुढच्या वेळी व्यासपीठावरून कुणी एखाद्या मुलीच्या कपड्यांवर बोललं, तर सभेतल्या पहिल्या माणसाने उठून त्याला थांबवावं. तिच्या मुद्द्यावर बोला, तिच्या संदर्भावर वाद घाला, चुकलं तर दाखवून द्या. तो तिचा हक्क आहे. बाकी तिने काय नेसायचं हे ठरवणारे शेवटचे 'शास्त्री' आपण १९२७ सालीच महाडला सोडून आलो.

मी परवा तिच्या घरी जाऊन आलो. येत्या शिबिरात तिचं भाषण पुन्हा ठेवलं आहे. ते ज्येष्ठही येणार आहेत. त्यांनी पुढच्या रांगेत बसावं आणि ऐकावं.

जयभीम! नमो बुद्धाय!