दोन आकड्यांची काटकसर आणि आपली लागण तारीख



३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री जगभर संगणकवाले जागे बसले होते. नवे साल लागले, बारीकसारीक घोटाळे झाले, पण मोठा अनर्थ टळला. तेव्हापासून पारावर एक बोलणे ऐकू येते, "राजेहो, काही झालं नाही, उगाच बाऊ केला होता." हे म्हणणे मला पटत नाही. बांध पक्का होता म्हणून शेत वाहून गेले नाही, तर बांधाचा खर्च वाया गेला असे कोणी म्हणतो काय?

घोटाळा मुळात साधा होता. जुन्या काळी संगणकातली जागा फार महाग. म्हणून १९९८ ऐवजी नुसते ९८ लिहिण्याची रीत पडली. २००० साल आले की तिथे ०० पडणार आणि यंत्र ते १९०० समजणार. न्यूयॉर्क राज्यातल्या एका दुकानात असेच झाले. सिनेमाची कॅसेट परत करायला गेलेल्या गिऱ्हाइकाला शंभर वर्षांचा उशीर धरून ९१,२५० डॉलरचे बिल निघाले!

आता आपला हिशोब पाहा. १५ जुलै १९९८ ला लावलेला आडसाली ऊस जानेवारी २००० मध्ये साडेसतरा महिन्यांचा, तोडीला आलेला. दोन आकड्यांच्या हिशोबाने मात्र ०० मधून ९८ वजा, म्हणजे ऊस अजून लागलाच नाही! तोडणीचा प्रोग्राम लागण तारखेवर ठरतो. तोड लांबून फडात उसाचे वजन घटले, तर नुकसान यंत्राचे नाही, आपले. आणि तारीख तरी कोणती? ऐन गाळपातली.

हा प्रश्न आपल्या धंद्याला परका नव्हता. १९९८ सालीच वारणानगरला सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातली ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याच सुमारास आपल्या देशातले हजारो तरुण परदेशी कंपन्यांचे जुने प्रोग्राम ओळ न ओळ तपासून दुरुस्त करीत होते. अनर्थ टळला तो या मेहनतीने, नशिबाने नव्हे.

हे आज सांगायचे कारण, तशीच आणखी एक तारीख पुढे आहे. बऱ्याच जुन्या यंत्रांत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजली जाते. ती मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी भरते. त्यानंतर अशी यंत्रे तारीख थेट १९०१ सालात नेतील. हीही तारीख गाळपातलीच!

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. म्हणून माझे सांगणे इतकेच. ऊस नोंद देताना लागण तारखेचे वर्ष चारही आकड्यांत लिहा. नोंदीची आणि काट्याची पावती जपून ठेवा. यंत्र चुकले तर तोच आपला पुरावा. आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर हेही विचारा, "आपली जुनी यंत्रे कोणती, ती तपासली कोणी आणि कधी?" भागधारक म्हणून तो आपला हक्क आहे. यंत्र विकत घेताना पैसा आपला लागतो, तर त्याची चौकशी करायला लाजायचे कशाला?

— एक ऊस उत्पादक सभासद, धाड