आई, वय वर्षं ३१

आधी एक छोटंसं गणित. 'जॉनी मेरा नाम', १९७०. देव आनंद आणि प्राण हे त्यातले सख्खे भाऊ. देव आनंदचा जन्म १९२३चा, प्राणचा १९२०चा. आता त्यांच्या आईची जन्मतारीख बघा : ३० जुलै १९२८! म्हणजे एक लेक आईपेक्षा पाच वर्षांनी मोठा, दुसरा आठ. तरी सिनेमा बघताना ही बाई यांची आई नाही असं एकदाही वाटत नाही. शंका आलीच तर ती देवसाहेबांच्या वयाबद्दल येते.

ती आई म्हणजे सुलोचनादीदी. ४ जून २०२३ला मुंबईत त्या गेल्या तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या. प्रत्येक चॅनलवर एकच वाक्य : पडद्यावरची आई हरपली. खरंच आहे ते. कोल्हापुरात तर घरातलंच कुणी गेल्यासारखी चर्चा. पण मला वाटतं, या 'आई आई'च्या गजरात एक गोष्ट हरवते. आईपण ही दीदींची नोकरी होती हो. करिअर! आणि तेही फार लवकर अंगावर पडलेलं.

बेळगाव जिल्ह्यातलं खडकलाट हे त्यांचं गाव. आज ते कर्नाटकात असलं तरी बोलणं, भाकरी, देवदेव सगळं आपलंच. तिथली ही मुलगी १९४३च्या सुमारास कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या 'प्रफुल्ल पिक्चर्स'मध्ये आली. तिथेच अजून एक किडकिडीत मुलगी नोकरीला होती, वडील गेल्यावर घर चालवायला सिनेमात छोटी-मोठी कामं करणारी. तिचं नाव लता मंगेशकर. दोघींची मैत्री पुढे आयुष्यभर टिकली.

विनायकांची कंपनी मुंबईला गेली आणि दीदी आल्या भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत. 'सुलोचना' हे नाव भालजींनी दिलेलं. डोळे बघूनच दिलं असणार! बोलणं मात्र अस्सल गावाकडचं. ते पडद्यावर चालेना, म्हणून बाबांनी वाचायला लावलं. जोरजोरात, रोज. आज आपण ज्याला ग्रूमिंग म्हणतो आणि ज्यासाठी हजारो रुपये मोजतो, ते त्या काळात कोल्हापुरात एका स्टुडिओच्या आवारात चाललेलं होतं. (कॅमेऱ्याचा स्तंभ चौकात उभारणाऱ्या गावाला हे फार नवलाचं नाही म्हणा.) १९४८च्या सुरुवातीला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत 'जयप्रभा' जळाला. 'मीठभाकर' पुन्हा उभा करावा लागला. तो आला १९४९ला.

त्या काळात दीदी चक्क हिरॉइन होत्या. 'जिवाचा सखा' झाला, मग १९५३ला 'वहिनींच्या बांगड्या'. लहान दिराला पोटच्या पोरासारखा वाढवणारी वहिनी. वय वर्षं पंचवीस. माझ्या मते तिथेच ठरलं सगळं. प्रेक्षकांना डोक्यावर पदर घेतलेली ही मुलगी इतकी आवडली, की तिने त्या पदरातून बाहेर यावं असं कुणाला वाटेचना.

१९५९ला 'दिल देके देखो'मध्ये त्या शम्मी कपूरची आई झाल्या. तीन वर्षांनी लहान मुलाची! तिशीतली, हिरॉइन म्हणून नाव कमावलेली बाई हे कसं स्वीकारते? आज एखाद्या अभिनेत्रीला ३१व्या वर्षी असं विचारलं तर तिचा मॅनेजर फोन ठेवून देईल. दीदींनी हो म्हटलं. घर होतं, मुलगी वाढवायची होती.

पण हो म्हणून त्या नुसत्या डोळे पुसत बसल्या नाहीत. त्याच वर्षीचा बिमल रॉयचा 'सुजाता' काढून बघा. अस्पृश्य समाजातली एक अनाथ पोर इंजिनिअरच्या घरात वाढते. घरातली आई चारू, म्हणजे दीदी, तिला खाऊपिऊ घालते, कपडेलत्ते करते, पण कुणी पाहुणा आला की ओळख करून देताना 'मुलगी' म्हणत नाही, 'मुलीसारखी' म्हणते. एवढा एकच शब्द. दुष्ट बाई नाही ती, आपल्या ओळखीतलीच आहे. आणि दीदी तिला खलनायिका करत नाहीत, म्हणून जास्त लागतं. नूतनचं कौतुक सगळे करतात, करावंच. पण तिच्या डोळ्यांत जे दुखतं ते समोरच्या या आईमुळे. दीदींचं माझ्या लेखी सर्वांत मोठं काम हेच, आणि यात त्या 'प्रेमळ माऊली' अजिबात नाहीत!

मराठीत मग जिजाऊ आली, भालजींच्याच 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये, १९६४ला. कोल्हापुरातली कित्येक घरं जिजाऊंचा चेहरा तोच मानतात. आणि १९६८ला 'एकटी'. मुलाला शिकवून मोठं केलं, तो परदेशी गेला, मागे उरली ती. दूरच्या लेकाची दृष्ट इथूनच काढणारी आई! हा सिनेमा तेव्हा आला, जेव्हा अमेरिकेत कुणी असणं म्हणजे गावभर बातमी असायची. आज प्रत्येक सोसायटीत दोन-चार 'एकटी' सापडतात, फक्त हातात टॅब्लेट असतो.

त्यातला मुलगा डॉ. काशिनाथ घाणेकर. हे घाणेकर पुढे दीदींचे खरेखुरे जावई झाले. सासूपेक्षा दोन वर्षांनीच लहान! कांचन घाणेकरांचं 'नाथ हा माझा' ज्यांनी वाचलंय त्यांना पुढचं ठाऊक आहे. वाचायला वेळ नसेल तर २०१८चा '...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' बघा. त्यात सोनाली कुलकर्णी दीदी झाली आहे. आईच्या भूमिकेतच, पण या वेळी आईला राग येतो, भीती वाटते, ती नाही म्हणते. पडद्यावर दीदींना फार कमी वेळा मिळालेलं असं काही.

हिंदी-मराठी मिळून अडीचशेच्या वर सिनेमे. १९९९ला पद्मश्री, २००९ला महाराष्ट्र भूषण. अमिताभपर्यंत सगळ्यांची आई होऊन झालं ('मजबूर', १९७४). शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत शासकीय इतमामात निरोप दिला गेला.

आणि एवढ्या सगळ्यांची आई होऊनही इंडस्ट्रीत त्यांना कुणी आई म्हणून हाक मारली नाही. लाइटमनपासून हिरोपर्यंत सगळे म्हणायचे, दीदी.